एकाच जागेचा निरोप

नांदेडच्या विद्यापीठात लोकप्रशासन विभागाच्या दारालगत एक हिरवा फलक होता, आणि त्यावर रोज काय लिहायचं ते सबिहा ठरवायची. हे काम तिच्यावर कुणी सोपवलं नव्हतं. सकाळी ग्रंथालय उघडलं की ती सगळी वर्तमानपत्रं चाळायची आणि कुठं जाहिरात निघाली, कोणत्या परीक्षेची तारीख बदलली, कोणत्या संस्थेला सर्वेक्षणाला पोरं पाहिजेत, ते खडूनं तिथं उतरवायची. लोहा, कंधार, देगलूरकडची पोरं एसटीतून उतरली की वर्गाच्या आधी फलकापाशी यायची. "आज काय आलं?" असं विचारायची. काही आलं नसलं की सबिहालाच कसंतरी व्हायचं, जणू जागा निघत नाहीत हा तिचाच दोष.

एका जागी बसणं तिला जमत नव्हतं. एम.ए.चं दुसरं वर्ष संपत आलं होतं. जूनमध्ये आपण कुठं असू हे ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसणं तिच्या पायात भिनलं होतं. व्याख्यान चालू असताना ती चप्पल काढायची, घालायची, परत काढायची. शेजारी बसणारी बुद्धप्रिया मग तिच्या पायावर पाय ठेवायची. "बस की गं निवांत. पळून न्हाई जायलं जग."

"तेच तर म्हणते. पळून गेलं तर?"

बुद्धप्रिया तिची वसतिगृहातली सोबतीण, औसा तालुक्यातल्या करंजसांगवीची. भूकंपात तिचं गाव पडलं. वडील, नरसिंग, त्या पहाटे गेले. आई भामाबाई तेव्हापासून पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. त्याला अडीच वर्षं होत आली होती. त्या भूकंपानंतर लातूरकडं पांढऱ्या जीपगाड्या फिरायला लागल्या, देशोदेशीच्या संस्था आल्या, आणि लोकप्रशासन शिकलेल्या पोरांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारायला लागलं. घरं कुठं बांधायची, कुणाला द्यायची, लोकांशी बोलायचं कसं, यासाठी माणसं लागत होती. सबिहाच्या फलकावर निम्म्या बातम्या त्याच असायच्या. बुद्धप्रिया त्या वाचून हसायची. "आमचं गाव पडलं म्हून तुमच्या फलकाला बरकत आली," म्हणायची. आणि सबिहाचा चेहरा पडला की, "अगं, गंमत करायले," असंही म्हणायची.

होळी होऊन चार दिवस झाले असतील. विभागप्रमुख बोईनवाड सरांनी सबिहाला खोलीत बोलावलं.

"पुण्याहून फोन होता," ते म्हणाले. "पुनर्वसनाच्या कामात वर्षभरासाठी विद्यार्थी घेणार आहेत. फेलोशिप म्हणतात त्याला. जिल्ह्यात राहून काम करायचं, मानधन मिळेल, आणि पुढं त्यांच्याच संस्थेत घ्यायची शक्यता. आपल्या विभागातून दोन नावं मागितली. मी तुझं आणि बुद्धप्रियाचं दिलं. घेणार एकीलाच."

सबिहा टेबलाजवळ सरकली. "मुलाखत कधी सर?"

"परवा. लातूरला, सरकारी विश्रामगृहावर, सकाळी. पुनर्वसनाचे उपजिल्हाधिकारी स्वतः घेणार आहेत. पुण्याहून एक बाई येतील."

"परवाच?"

"फोनच आज आला, मी काय करू? बुद्धप्रियाला सांग."

"सर, प्रिया गावी गेली. होळीपासून आलीच नाही."

सरांनी चष्मा काढला. "गावात फोन?"

"शेडमध्ये कुठला फोन सर."

"तू लातूरचीच ना? औसा तिथून काय लांब आहे? जाता जाता निरोप दे."

"देते सर," सबिहा म्हणाली आणि बाहेर आली. फलकापाशी पोरं उभी होती. "काय आलं?" एकानं विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, आणि खडू न उचलता तशीच वसतिगृहावर गेली.

लातूरच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. अहमदपूरपर्यंत ती मुलाखतीची उत्तरं मनात जुळवत होती. अहमदपूरच्या पुढं मात्र दुसरंच काहीतरी सुरू झालं. वर्गात पहिला नंबर तिचा असायचा हे खरं. पण चर्चासत्रात बुद्धप्रिया बोलायला उभी राहिली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा वही मिटून ऐकायची. सबिहा पुस्तकातलं नीट सांगायची. बुद्धप्रिया पुस्तकात नसलेलं सांगायची, आणि ते खरं असायचं. त्यात ती भूकंपग्रस्त गावातली. मुलाखत घेणाऱ्यांनी अर्ध्या घटकेत तिला निवडलं असतं. आणि तिला हे सांगायला जायचं होतं कुणी, तर सबिहानं.

चाकूरला गाडी थांबली. सबिहा खाली उतरून पाणी प्यायली, परत चढली, जागा बदलून बसली. सावलीची बाजू सोडून उन्हात का बसली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

लातूरचं घर तिच्या वडिलांच्या दुकानाच्या मागंच होतं. पाशामियाँ शिलाईच्या मशीन दुरुस्त करायचे. आई आबेदा क्लासच्या पोरांची खानावळ चालवायची. दहावी-बारावीच्या निकालात लातूरचं नाव झालं तशी चारी बाजूंनी पोरं येऊन शहरात खोल्या करून राहायला लागली होती, आणि त्यातली दहा-बाराजणं दोन्ही वेळेला आबेदाच्या ओसरीत जेवायची. सबिहाला अभ्यासाला कोपरा उरला नव्हता. ताटांच्या आवाजात आणि रसायनशास्त्राच्या घोकंपट्टीतच ती बी.ए. झाली होती.

तिचा मोठा भाऊ मुनीब भौतिकशास्त्र शिकवायचा. आधी दुसऱ्याच्या क्लासमध्ये होता, आता दोन खोल्यांचा स्वतःचा क्लास झाला होता. जूनपासून स्पर्धा परीक्षेची तुकडी काढायचं त्याच्या डोक्यात होतं, आणि तिथं लोकप्रशासन शिकवायला घरचंच माणूस आयतं मिळत होतं.

"तुला कशाला पाहिजे वर्षाची नोकरी?" जेवताना तो म्हणाला. "वर्ष संपलं की परत रिकामी. माझ्याकडं ये. पोरं मॅडम मॅडम करतील."

"मला शिकवायचं नाही भाईजान. मला काम करायचंय."

"शिकवणं काम नाही होय?" तो हसला. मग प्रियाचं कळल्यावर गंभीर झाला. "एकच जागा आहे ना? मग सोपं आहे. तिथं फोन नाही, काही नाही. निरोप पोचला नाही. तुझ्या सरांनी तरी कुठं तार केली? खेड्यात निरोप पोचत नाहीतच."

गाडीत सगळ्या वाटेनं हेच वाक्य सबिहाच्या मनात येत होतं आणि ती ते पुरं होऊ देत नव्हती. भावानं ते ताटावर सरळ ठेवलं, तेव्हा ते फार साधं दिसलं.

पाशामियाँ हात धुवून आले. त्यांनी बोलणं अर्धंच ऐकलं होतं. "औश्याला सकाळच्या गाडीनं जा," ते म्हणाले. "ऊन लागायच्या आत पोचशील. त्या पोरीच्या आईला माझा सलाम सांग." तिनं जायचं की नाही हा प्रश्न असू शकतो, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. मुनीबनं मान खाली घातली आणि भात कालवायला लागला.

सकाळी औश्यात उतरून ती काळीपिवळी जीपमध्ये बसली. ज्वारीची काढणी चालू होती, रस्त्याच्या दोन्ही अंगाला कणसं खुडून पडली होती. करंजसांगवीच्या फाट्यावर उतरल्यावर आधी जुनं गाव लागलं, म्हणजे दगडांचे ढीग आणि त्यावर उगवलेल्या बाभळी. पलीकडं माळावर नवं गाव, सगळी घरं एका मापाची, सरळ रेषेत, अजून कुलपात. आणि या दोन्हींच्या मध्ये पत्र्याच्या शेडच्या रांगा. माणसं तिथंच राहत होती.

बुद्धप्रिया एका शेडच्या सावलीत बसली होती. भोवती सात-आठ बाया. सबिहाला पाहून ती उठलीच.

"अगं! तू? कामून आलीस? कुनाचं काय झालं?"

"कुणाचं काही नाही झालं. उद्या मुलाखत आहे. तुझी आणि माझी." सबिहानं एका दमात सगळं सांगून टाकलं, जणू मध्ये थांबली तर राहून जाईल. फेलोशिप, पुणं, एकच जागा, उद्या सकाळी.

बुद्धप्रियानं ऐकून घेतलं. डोळ्यात क्षणभर काहीतरी चमकलं आणि विझलं. "उद्या न्हाई जमत," ती म्हणाली.

"न जमायला काय झालं?"

"इथं बस. सांगते."

तिनं सांगितलं ते असं. नवी घरं कुटुंबागणिक द्यायची होती. मोजणी करणाऱ्यांनी कुटुंब म्हणजे पुरुषाचं नाव एवढंच धरलं. ज्या बायांचे नवरे भूकंपात गेले, त्यांना दिराच्या नाहीतर भायाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, घरात धरून टाकलं. भामाबाई, चतुराबाई, नागुबाई, लिंगायत आळीतली गौरम्मा, सगळ्यांचं तेच. नियम मात्र असा होता की ज्याची चूल वेगळी त्याचं कुटुंब वेगळं. या बाया अडीच वर्षं आपापल्या शेडमध्ये वेगळं रांधून खात होत्या.

"पाडव्याला चाव्या वाटनार," बुद्धप्रिया म्हणाली. "एकदा चावी दिराच्या हातात गेली की संपलं. म्हून तक्रार दिली. उद्या साहेब हितं येऊन चौकशी करनार हायत. मी नसले तर या बोलतील का? साहेब समोर आला की यांची दातखीळ बसती."

"बसती न्हाई तर काय!" चतुराबाई म्हणाली. "मला तर माजं नावबी आठवत न्हाई त्या येळी."

भामाबाईनं चहा आणला. "जा गं प्रिया," ती लेकीला म्हणाली. "असं परत परत येत न्हाई. आमचं आमी बगू."

"काय बगशील तू? तू तर मागच्या वेळी साहेबाला चहा पाजून परत पाठिवलंस."

बाया हसल्या. सबिहाही हसली. तिच्या आत काहीतरी सैल होत होतं. निरोप दिला होता, खोटं बोलली नव्हती, आणि तरी उद्या त्या खोलीत ती एकटीच जाणार होती. या सैलपणाची तिला लाज वाटली, पण ते सैल व्हायचं थांबलं नाही. "मी सांगेन त्यांना तुझी अडचण," ती म्हणाली, भामाबाईला अब्बांचा सलाम सांगितला, आणि फाट्याकडं निघाली.

फाट्यावर सावली नव्हती. जीप भरल्याशिवाय सुटत नव्हती. चालवणारा हाका मारत होता, "औसा, औसा, चला!" सबिहा पाय वर ठेवणार तोच तिच्या मनात आलं, कोणते साहेब?

बोईनवाड सरांचं बोलणं तिला आठवलं. पुनर्वसनाचे उपजिल्हाधिकारी स्वतः मुलाखत घेणार आहेत. उद्या, सकाळी, लातूरला. आणि घरांच्या तक्रारीची चौकशी करणारे पुनर्वसनाचे उपजिल्हाधिकारी लातूरला एकच होते. म्हणजे करंजसांगवीत उद्या कुणीच येणार नव्हतं. प्रिया आणि या बाया पत्र्याखाली दिवसभर वाट बघतील, आणि मग पाडवा येईल.

"बाई, बसायलाव का न्हाई?" जीपवाला म्हणाला.

सबिहा तशीच उभी राहिली. हे आपल्याला सुचलंच नव्हतं असं धरून चालणं किती सोपं होतं. निरोप तर दिलाच होता. जे सांगायला सांगितलं होतं ते सांगून झालं होतं. एक म्हातारा तिच्या जागेवर चढून बसला, जीप सुटली, धूळ उडाली. धूळ खाली बसायच्या आत ती शेडकडं परत चालायला लागली होती. नंतर नंतर तर पळतच होती.

"साहेब उद्या येणार नाहीत," धापा टाकत ती म्हणाली. "तेच मुलाखत घेणार आहेत. लातूरला."

कुणाला पटकन उमगलं नाही. मग बुद्धप्रियाच्या कपाळावरची शीर ताठ झाली. "आन आमाला कळिवलं न्हाई?"

"त्यांच्या ध्यानातही नसेल."

"मग कवा येनार साहेब?" नागुबाईनं विचारलं. तिला ताप होता, गोधडी पांघरून भिंतीला टेकली होती. एवढ्यात भामाबाई, जी साहेबाला चहा पाजून पाठवते, ती म्हणाली, "साहेब येत न्हाई तर आपुन जाऊ. आपल्याला काय लातूर ठाव न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात इस्त्रीच्या शर्टातली पोरं फाइली मांडीवर घेऊन बसली होती, आणि त्यांच्या पलीकडं फरशीवर करंजसांगवीच्या बाया. नागुबाई तेवढी तापामुळं मागं राहिली होती. शिपायानं दोनदा हटकलं. बुद्धप्रिया म्हणाली, "मुलाखतीला आलो." "सगळ्या?" त्यानं विचारलं. "सगळ्या," ती म्हणाली.

साहेबांची गाडी आली. पन्नाशीचा, थकल्या चेहऱ्याचा माणूस. व्हरांडा बघून त्यांचा पाय अडखळला. "हे काय आहे?"

चतुराबाईची दातखीळ बसली ती बसलीच. भामाबाई मात्र पदर सावरून पुढं झाली. "साहेब, आज तुमी आमच्या गावाला येनार होता. तुमाला यायला जमलं न्हाई, म्हून आमीच आलो."

"ती चौकशी पुढं ढकलली आहे. कळवलं नाही का कुणी?"

"न्हाई, साहेब."

ते काहीतरी पुटपुटत आत गेले. पुण्याच्या बाई मागून येत होत्या, त्यांनी थांबून बायांकडं नीट पाहिलं.

सबिहाचा नंबर आधी लागला. पंचायत राज, घटनादुरुस्ती, विकेंद्रीकरण, तिला सगळं येत होतं. मग पुण्याच्या बाईंनी विचारलं, "बाहेर बसलेल्या बायकांचं काय म्हणणं आहे, तुम्हाला माहीत आहे?" सबिहानं ते थोडक्यात, आवाज न चढवता सांगितलं. कुटुंबाची व्याख्या काय, मोजणीत चूक कुठं झाली, जागेवर जाऊन चूल पाहिली तर ती दुरुस्त कशी होईल. साहेबांनी मान डोलावली. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. बाहेर येताना सबिहाच्या लक्षात आलं की यातला शब्दन् शब्द काल प्रियानं सांगितलेला होता.

बुद्धप्रिया आत गेली. दार पुरतं लागत नव्हतं, आवाज बाहेर येत होता. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला आणि ती म्हणाली, "सर, आधी तारीख द्या."

"ही मुलाखत आहे. तो विषय वेगळा."

"विषय तोच आहे सर. गावातल्या माणसाचं काम कसं करायचं, हेच तुम्ही मला विचारणार ना? पाडव्याच्या आधीची तारीख द्या, मग मी सगळ्याची उत्तरं देते."

मग साहेबांचा आवाज आला, "सोमवारी. स्वतः येतो." त्यानंतर बुद्धप्रियानं उत्तरं दिली, चांगली दिली, पण साहेबांच्या आवाजातली गोडी केव्हाच गेली होती.

साहेब शब्दाला जागले. सोमवारी ते वेळ न सांगता भर दुपारी आले आणि एकेका शेडमध्ये वाकून शिरले. भाकरी तव्यावर होत्या, पत्र्यावर धुराची काजळी होती. जिथं जिथं चूल पेटलेली दिसली, ते कुटुंब त्यांनी वेगळं धरलं. भामाबाईला घर मिळालं, चतुराबाईला मिळालं, बाकीच्यांनाही. राहिल्या दोघी. नागुबाई आजारी होती म्हणून त्या आठवड्यात जावेकडची भाकरी खात होती, तिची चूल थंड होती. आणि गौरम्मा अचानक निरोप आला म्हणून निलंग्याला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, तिच्या शेडला कुलूप होतं.

निवडीचा फोन विद्यापीठात पाडव्यानंतर आला. बोईनवाड सरांनी सबिहाला पेढा दिला. "तुझी निवड झाली. बुद्धप्रिया हुशार आहे, असं त्यांनीही सांगितलं. पण शिस्तीत बसायची नाही म्हणे." पेढा तोंडात तसाच राहिला.

वसतिगृहावर बुद्धप्रिया कपडे वाळत घालत होती. सबिहानं उभ्या उभ्या सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "मी नको म्हणून कळवते. ती जागा तुझी आहे. मी जे बोलले ते सगळं तुझंच होतं."

बुद्धप्रियानं हातातला ओला परकर बादलीत आपटला. "खबरदार! तू नको म्हटलंस तर मला मिळंल का ती? कुन्या भलत्याच पोराला मिळंल आन तो जीपच्या खाली उतरनार न्हाई. एवढी मोठी होऊ नकोस सबिहा. माझ्यावर उपकार करू नकोस."

"मग तुला राग नाही आला?"

"लई आला. अजून हाय. तुझ्यावरबी हाय थोडा. तू फाट्यावरून परत आलीस म्हून आमची घरं झाली, म्हून जास्त बोलता येईना मला." ती पुन्हा परकर पिळायला लागली. "जा, पेढे घेऊन ये. मला दिलेच न्हाईत कुनी."

परीक्षा संपल्या. मुनीबच्या क्लासची स्पर्धा परीक्षेची तुकडी जूनमध्ये सुरू झाली आणि तिथं लोकप्रशासन शिकवायला बुद्धप्रिया आली. सबिहानंच सुचवलं होतं. मुनीब आधी बिचकला, पण पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरची पोरं वही मिटून ऐकायला लागली, तेव्हा घरी येऊन म्हणाला, "तुझी मैत्रीण लई भारी शिकवते. मला तर वाटतं ती स्वतःच परीक्षा काढेल." बुद्धप्रियाचा अभ्यास चालूच होता. दुपारी ती आबेदाच्या ओसरीत पोरांच्या पंगतीला जेवायची.

सबिहाला औश्याला पुनर्वसनाच्या संपर्क कार्यालयात टेबल मिळालं. खिडकीतून किल्ल्याचा बुरूज दिसायचा. हवं होतं ते काम तिला मिळालं होतं, आणि तरी पायांना चैन नव्हती. येणारा माणूस बसायच्या आत ती उठून उभी राहायची.

पावसाळ्यात एका सकाळी दारात बुद्धप्रिया आली. सोबत नागुबाई आणि गौरम्मा. "नमस्कार मॅडम," ती म्हणाली. आवाजात चेष्टा नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

सबिहानं दोघींचं ऐकून घेतलं. बंद झालेली प्रकरणं उघडायची नाहीत, असं साहेबांनी कालच बजावलं होतं. "साहेबांना विचारून सांगते," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला, दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघाल्यासारखा.

"बरं," बुद्धप्रिया म्हणाली आणि उठली. "चला मावशी." तिघी पायऱ्या उतरायला लागल्या.

सबिहा खुर्चीत राहिली नाही. छत्री घेऊन ती त्यांच्या मागं गेली. "मीच येते करंजसांगवीला. आत्ता. नागुमावशी, आज काय रांधलंय?"

"पिठलं करनार हाय की," नागुबाई म्हणाली. "तू खाशील का गं माज्या हातचं?"

"खाते."

ती गेली, शेडमध्ये चुलीपुढं बसून जेवली, गौरम्माकडं ताक प्यायली, आजूबाजूच्या घरच्यांना विचारलं, आणि तिथंच मांडीवर कागद ठेवून तपासणीचा अहवाल लिहिला. दुसऱ्या दिवशी तो घेऊन लातूरला साहेबांपुढं उभी राहिली. बुद्धप्रियाही क्लास सोडून आली होती. ती बाहेर थांबली.

साहेबांनी अहवाल वाचला, परत वाचला. "मुलाखतीत तुम्ही शांत वाटला होता," ते म्हणाले.

"हो सर."

"बसा."

"नको सर. उभीच बरी आहे."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "ही गौरम्मा गावात नव्हती. कुलूप म्हणजे चूल नाही असं होत नाही, हे मला मान्य. हिला घर देतो. नागुबाईचं कठीण आहे. जावेकडं जेवताना मी स्वतः पाहिलंय."

"ताप होता सर तिला. तापात कुणी करून घातलं म्हणजे कुटुंब एक होतं का?"

"सोमवारी या," साहेब म्हणाले. "बघू."

ती बाहेर आली. बुद्धप्रिया पायरीवरून उठली. "काय म्हनले?"

"गौरम्माचं झालं. नागुमावशीचं सोमवारी या म्हणाले."

"आन सोमवारी न्हाई झालं तर?"

"तर पुढच्या सोमवारी. मला वर्षभर इथंच ठेवलंय त्यांनी." सबिहानं चप्पल पायात नीट सरकवली. "मावशीला तू सांगतीस का मी जाऊ?"

"दोघी जाऊ," बुद्धप्रिया म्हणाली, आणि औश्याची गाडी सुटायची वेळ झाली होती म्हणून दोघी स्टँडकडं पळत सुटल्या.